म्हसडोहावरचा वाटा

तमाम मत्स्यप्रेमी, मत्स्यभक्षक, तसेच मासळीचा वास आला की खिडक्या लावून घेणारे सभ्य नागरिक या सर्वांना जाहीर करण्यात येते की, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहणारा, अंगाने किडकिडीत आणि अभ्यासात त्याहून किडकिडीत असा एक मुलगा एके काळी उल्हास नदीतल्या समस्त माशांचा एकमेव मोजणीदार होता. ही नेमणूक त्याने स्वतःच केली होती. पगार नव्हता, वरिष्ठ नव्हते आणि बदलीची भीती नव्हती. या पदावरून तो पायउतार कसा झाला त्याची हकीकत इथे सादर होत आहे, तरी मागच्या मंडळींनी खाली बसून घ्यावे.

तो मुलगा मी. आता पन्नाशी ओलांडली आहे आणि या वयात माणसाला आपल्या फजित्या सांगायची फार गोडी लागते. लग्नकार्यात पंगती उठल्या की कुणीतरी मला खुर्ची देतं आणि म्हणतं, "ते वालधुनीत गळाला चप्पल लागली ते सांगा ना." मी उभा राहून, हातवारे करून, चपलेचाही आवाज काढून सांगतो. लोक हसतात, मी खूश होतो. म्हसडोहाची गोष्ट मात्र मी कधी खुर्चीवर उभा राहून सांगितलेली नाही. ती सांगायला घेतली की माझे कान तापतात, अजूनही. लिहिताना निदान कान कुणाला दिसत नाहीत.

तर माझा छंद असा होता: जितक्या जातींचे मासे पकडता येतील तितक्या जाती पकडायच्या. मोठा मासा नको, खूप मासे नकोत, नवीन मासा हवा. एका जातीचा एक मासा गळाला लागला की ती जात 'माझी झाली'. मग त्या जातीचा दुसरा मासा हाताएवढा आला तरी पाण्यात परत. नियम कडक होते. मासा मी स्वतः पकडलेला असला पाहिजे, बघायला दुसरं कुणीतरी असलं पाहिजे आणि त्याचं नाव गावातल्या माणसाने सांगितलेलं असलं पाहिजे. हे नियम मीच केले होते, त्यामुळे अडचण आली की दुरुस्तीही मीच करत असे. माझ्या बावीस जाती झाल्या होत्या. त्या मी कुठे लिहून ठेवत नव्हतो, अंघोळ करताना पाढ्यांच्या चालीवर म्हणत असे. मरळ, शिंगटी, वाम, खवल, मळ्या, चिलापी, टोकी, अशी ती गाडी सुरू झाली की बाहेरून आईचा आवाज यायचा, "देवाचां नाव घे रे एखादां. नायतर गप ऱ्हव."

आई मालवणकडची. बदलापुरात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, एरवी ती शेजारणींशी व्यवस्थित शाळेतलं मराठी बोलायची, पण राग आला किंवा मासे समोर आले की तिची भाषा थेट समुद्रावर जायची. तिच्या लेखी मासा म्हणजे खाऱ्या पाण्यातला. बांगडा, पेडवे, सौंदाळे. कुळगावच्या बाजारात कोळीण तिला बघून टोपलीवरचा फडका आपणहून काढायची, कारण आई कल्ल्यात बोट घातल्याशिवाय मासा घेत नसे. नदीचा मासा तिला मासाच वाटत नव्हता. मी पहिल्यांदा शिंगटी घरी आणली तेव्हा तिने ती चिमट्याने उचलून उजेडात धरली. "ह्येका मासो म्हणतत? मिशयो बघ त्येच्यो. आणि वास बघ, गटारातसून हाडलंस काय?" तरीही टाकून द्यायचा जीव होईना म्हणून तिने ती चिंच, लसूण आणि त्रिफळं घालून शिजवली, स्वतः तोंडात घातली नाही, आणि मी खात असताना समोर बसून माझ्या तोंडाकडे अशी बघत राहिली की जणू परीक्षेचा निकाल लागणार आहे. मला चिखलाचा वास आला होता. मी म्हटलं, छान झालंय. ती म्हणाली, "खोटां."

वडील अंबरनाथला एका कारखान्यात अधिकारी होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं कमी. त्यांना छंदाचं वावडं नव्हतं, पण छंद सांगता येईल असा असावा असं त्यांचं म्हणणं. कॅरम चालेल, तिकिटं जमवणं उत्तम. एकदा त्यांच्या एका सहकाऱ्याने मला वालधुनी नदीच्या काठी, अंबरनाथच्या देवळामागच्या नाल्यात, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून उकिडवा बसलेला पाहिला. (ही तीच चपलेची सकाळ.) दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने वडिलांना सगळ्यांदेखत विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. वडील त्या संध्याकाळी बूट न काढताच खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "मी सांगितलं, तो निसर्गाचा अभ्यास करतोय. आता तू काहीतरी अभ्यास कर म्हणजे मी खोटं बोललो असं होणार नाही." त्यांना माझी लाज वाटली होती आणि लाज वाटल्याची त्यांना लाज वाटत होती. आमच्या घरात हे असं दुहेरी विणकाम फार चाले.

गळ मी उल्हासनगरला कॅम्प तीनमधून आणायचो. तिथे गोपीशेठ नावाचे एक सिंधी गृहस्थ दोरा, सुया, बटणं, पतंगाचा मांजा आणि गळ हे सगळं एकाच काउंटरवर विकत. मी त्यांच्याकडे सगळ्यात बारीक गळ मागितला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "साईं, सब लोग बडी मछली का काँटा माँगते हैं. तू पहला है जो छोटी का माँगता है." मी त्यांना छंद समजावून सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला, मग मागच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. तिच्यात त्यांचा देव एका माशावर बसला होता. "हमारे भगवान का एक मछली में काम हो गया. तेरे को इतनी सारी किसलिए?" मी उत्तरादाखल आणखी चार गळ घेतले.

हल्ली माझी मुलगी मला फोनवर दाखवते की परदेशात हाच छंद मोठमोठे लोक करतात, शेकडो जाती झाल्या की त्यांचे सत्कार होतात. "बाबा, तू तर पायोनियर होतास," ती म्हणते. मी मान हलवतो. नदीवर आता जलपर्णीचा असा हिरवा गालिचा पसरलेला असतो की गळ टाकला तर तो वरच अंथरुणावर झोपून राहील. पण तेव्हा पाणी होतं, काठ होता, आणि माझा साक्षीदार होता भग्या.

भग्या, म्हणजे भगवान, माझ्याबरोबर अकरावीला होता. बदलापूर गावातला, आगरी घरातला. त्याला माझ्या छंदाचं काडीचंही आकर्षण नव्हतं, पण मी परत सोडणार असलेले मासे त्याने घरी न्यायचे असा आमचा करार होता, त्यामुळे त्याची साक्ष अतिशय मन लावून होत असे. त्याची आई हिराकाकी. तिच्या घरामागे आंब्याखाली चूल होती, तिथे ती मरळीचं कालवण करायची: कैरीच्या फोडी, ठेचलेला लसूण, घरचा मसाला, वर तांदळाची भाकरी. तिच्या हातच्या मरळीला चिखलाचा वास नसे. हे मी आईला एकदा सांगितलं आणि दोन दिवस आमच्याकडे फक्त वरणभात झाला. एकदा मी भग्याला विसरून एकटाच गेलो आणि मोठी मरळ पकडून सवयीने परत सोडली, ते हिराकाकीला कुठूनतरी कळलं. "परत सोरली?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "का?" मी म्हटलं, मरळ माझी झालीय. तिने माझ्याकडे, मग चुलीकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. "तुजी झाली. आमची कवा व्हायची?" तेव्हापासून गावात मला 'मोजनीवाला' म्हणू लागले. गावात जमिनी मोजायला जी माणसं येत त्यांनाही मोजणीवालेच म्हणत आणि ती कुणालाच आवडत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

भग्याचे वडील बलरामकाका. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस, बोलण्याआधी हात लुंगीला पुसायची सवय. त्यांची ओढ्याच्या कडेची जमिनीची एक पट्टी होती आणि ती त्यांनी भग्याच्या बहिणीच्या लग्नात विकली होती. घेणाऱ्याने लगेच तारेचं कुंपण घातलं. त्या पट्टीतूनच गावाची म्हसडोहाकडे जायची वाट होती. ती बंद झाली, बायकांना आणि गुरांना लांबून वळसा पडला, आणि गावाने बलरामकाकांना एक शिक्षा केली. मारलं नाही, बोलणं टाकलं नाही. फक्त म्हसडोहाच्या वाटणीतून त्यांच्या घराचं नाव काढलं.

ही वाटणी काय ते सांगायला हवं. उन्हाळा संपत आला, ओढ्याचं पाणी तुटलं की म्हसडोहात मासे अडकून राहत. मग एके सकाळी सारा गाव मिळून तो डोह ओढायचा. निघालेल्या सगळ्या मासळीचे पळसाच्या पानांवर ढीग घालायचे, घरटी एक, शिवाय बाहेरून येऊन जाळं ओढणाऱ्याला एक, बरंवाईट सगळं सारखं मिसळून. नंतर गावातला सगळ्यात म्हातारा माणूस ढिगांकडे पाठ करून बसे. दुसरा एकजण काठीने एकेका ढिगाला टेकवून विचारे, "ह्यो कोनाचा?" आणि म्हातारा, काही न बघता, एकेका घराचं नाव घेई. ज्याचं नाव आलं त्याचा तो ढीग. कुणी निवडायचं नाही, कुणी कुरकुरायचं नाही. शेवटचं नाव होईपर्यंत म्हाताऱ्याने मागे वळायचं नाही, आणि तोवर आपला सोडून दुसऱ्या ढिगाला कुणी बोट लावायचं नाही. लावलं तर वाटा फुटला. म्हणजे सगळे मासे पुन्हा एकत्र, घरं पुन्हा मोजायची, ढीग पुन्हा घालायचे.

मासे किती येत? दोन वेळच्या कालवणाचे. पण ज्याचं नाव म्हातारा घेई ते घर गावाचं, आणि ज्याचं घेत नसे ते नुसतं गावात राहणारं. बलरामकाका म्हणायचे, आपल्याला काय मासे बाजारात मिळत नाय. पण वाटणीच्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत. सगळ्या गावातून तळणाचा वास यायचा आणि हिराकाकी त्या दिवशी चूलच पेटवायची नाही. भग्याने मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता, आणि मीही हसलो होतो, कारण सतराव्या वर्षी हसण्यापलीकडे काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी बलरामकाकांनी जमीन घेणाऱ्याच्या मागे लागून, हेलपाटे घालून, कुंपणात बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी करून घेतली. गावाची बैठक बसली. बलरामच्या घराचं नाव औंदा घ्यायचं, सगळ्यात शेवटी, असं ठरलं. त्यांचा चुलतभाऊ नामदेव तेवढा विरोधात होता. वाट दिली म्हणजे उपकार केला का, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तसं बघायला गेलं तर ते अगदीच चुकीचं नव्हतं. भग्या मला म्हणाला, "तू पन ये जाळं ओढायला. तुला वाटा मिळंल." मी विचारलं, डोहात नवीन जाती असतील का. आज आठवतं की "आसतील" एवढंच म्हणून तो घराकडे वळला होता.

निघताना आईने माझ्या हातात सोलकढीची किटली दिली. दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी हात हलवत जायचं नाही, ती म्हणाली, आणि मग दारातून, "शहाण्यासारखो वाग." हिराकाकी त्या सकाळी नवं पातळ नेसली होती. तिने मला चुलीशी बसवून गरम भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. कोपऱ्यात एक नवी कोरी टोपली तयार होती, आत धुतलेला फडका घडी करून ठेवलेला. ती टोपली तिने डोहापर्यंत स्वतःच्या कमरेवर नेली, कुणाला घेऊ दिली नाही.

डोह ओढण्याचं वर्णन मी लांबवत नाही, जरी मला त्याचा मोह आहे. चिखल, जाळ्याचा दोर, पोटऱ्यांना धडकणारे मासे, बायकांचे सल्ले, मी दोनदा पडलो, तिसऱ्यांदा पडलो तेव्हा टाळ्या मिळाल्या. ऊन चढेपर्यंत काठावर ढिगांच्या दोन रांगा लागल्या. पोशाबाबा, गावातले सगळ्यात म्हातारे, त्या रांगांकडे पाठ करून एका दगडावर बसले. डोक्याला टॉवेल, तोंडात तंबाखू. काठी नामदेवच्या हातात होती. आणि नावं सुरू झाली. "ह्यो कोनाचा?" "काळूच्या घरचा." "ह्यो?" "वरल्या आळीच्या तुकारामाचा." प्रत्येक नावाला त्या घरची बाई पुढे येऊन ढीग उचलत होती. हिराकाकी सगळ्यांच्या मागे उभी होती, टोपली कमरेवर, आणि प्रत्येक नावाबरोबर तिचे ओठ हलत होते, कुणाची घरं उरली ते मोजत असावी.

रांग निम्मी सरली आणि पोशाबाबा म्हणाले, "ह्यो मोजनीवाल्याचा." लोक हसले. मी छाती काढून पुढे गेलो. माझ्या ढिगावर माझ्या कोपरापर्यंत येईल एवढी काळीभोर मरळ होती. बायका कौतुकाने बघायला लागल्या. पण मी तिच्याकडे बघतच नव्हतो. एक ढीग सोडून पलीकडच्या पानावर एक बोटभर मासा होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगावर केशरी पट्टा, जणू कुणी एकदाच कुंचला ओढलाय. असा मासा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तेवीस, माझ्या डोक्यात घंटा वाजली. जाळं ओढायला माझा हात होता, म्हणजे मी पकडलेला. साक्षीदाराला सारा गाव, नाव सांगायलाही तोच. नियमात बसत होतं सगळं.

आणि मला खरोखर वाटलं की मी मोठा उदार सौदा करतोय. हाताएवढी मरळ देऊन बोटाएवढा मासा घेतो, कोण नाही म्हणेल? मी मरळ उचलली, पलीकडच्या ढिगावर ठेवली, आणि तो केशरी मासा उचलून मुठीत घेतला. वर, सगळ्यांकडे बघून हसलो.

ढिगांतले मासे पानांवर आपटत होते तेवढाच काय तो आवाज. नामदेवची काठी हवेत थांबली होती. पोशाबाबा पाठ करून तसेच बसले होते, कारण त्यांना वळायची परवानगीच नव्हती. पुढच्या ढिगाचा पुकारा येईना तेव्हा ते म्हणाले, "फुरं?" कुणी बोलेना. "काय झाला रं? बोला ना. कोन मेला काय?"

"वाटा फुटला, बाबा," नामदेव म्हणाला.

"कोनी फोरला?"

"बलरामच्या पाव्हन्यानी. दुसऱ्याच्या वाट्यात हात घातला." मग तो आवाज चढवून सगळ्यांना म्हणाला, "करा परत सगला एकत्र. घरं परत मोजा. आनि आता मोजताना नीट बघून मोजा, कोनाकोनाला आत घेतलाय ते."

हे शेवटचं कुणासाठी होतं ते सगळ्यांना समजलं. मलाही समजलं, फक्त माझं समजणं नेहमीप्रमाणे उशिरा पोचलं. मी "सॉरी, ठेवतो, परत ठेवतो" म्हणत वाकलो, तर नामदेव म्हणाला, "आता आनखी हात नको लावू." म्हणून मी तसाच, मूठ आवळून, उभा राहिलो. हिराकाकीने टोपली कमरेवरून काढून हळूच जमिनीवर ठेवली. भग्या डोहाकडे तोंड करून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

गर्दीतल्या कुणीतरी भल्या माणसाने तोड काढली. "बलराम, तुजा काय संबंध? पोर भायेरचा. जाळं ओढायला आलता. सांग तुजा नाय म्हनून, त्याला हाकलू, त्याचा वाटा मिसलू, काम झाला." म्हणजे हिशेब सोपा होता. मी परका असलो तर चूक परक्याची, आणि बाकी वाटणी जशीच्या तशी पुढे चालणार. मी बलरामकाकांचा असलो तर चूक त्यांच्या घराची, आणि घरं पुन्हा मोजायची. सहा-सात वर्षं वाट बघितलेल्या माणसाला एक छोटं वाक्य बोलायचं होतं, आणि ते खरंही होतं. मी मनात म्हणत होतो, बोला काका, बोलून टाका.

बलरामकाकांनी दोन्ही हात लुंगीला पुसले. "माज्या घरचा हाय तो," ते म्हणाले. "सकाली माज्या घरात भाकर खाऊन आलाय."

पोशाबाबा पाठमोरे. "कोन बोलला?"

"मी. बलराम."

बाबांनी तंबाखू थुंकली. मग विचारलं, "त्या पोरानी कंच्या वाट्याला हात लावला?"

"त्याच्या सोताच्या," नामदेव म्हणाला, "आनि एक सोरून फुरच्या."

"मंग दोनी वाटे बलरामाच्या घरचे. पोराचा पन आनि फुरचा पन. घरातला इकरचा तिकरं केला तर वाटा फुटत नाय. चल, फुरं."

"बाबा, तुमी बगितला नाय, त्यानी समोर—"

"मी कसा बगीन? मी पाठमोरा हाय," पोशाबाबा म्हणाले. "फुरं बोल."

कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणी. पाठमोऱ्या म्हाताऱ्याने घेतलेलं नाव परत घेता येत नाही, हाही नियमच होता. नामदेवने काठी पुढच्या ढिगाला टेकवली. हिराकाकी टोपली घेऊन पुढे आली, माझ्याजवळून गेली, दोन्ही ढीग उचलून फडक्यावर नीट लावले, मरळ सगळ्यात वर. अशा रीतीने बलरामकाकांच्या घराचं नाव गावात परत घेतलं गेलं, शेवटी नाही, मध्येच, इतर घरांच्या रांगेत.

मी हे सगळं वर्णन एवढं रंगवून करतोय ते का, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. मला पुढचं सांगायचं नाहीये. बलरामकाका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यानंतरही मी त्यांच्या घरी असंख्य वेळा जेवलो, आणि त्यांनी म्हसडोहाचा विषय माझ्यासमोर एकदाही काढला नाही. हिराकाकी मरळीचं कालवण वाढताना कधी थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि आणखी एक तुकडा घालायची. भग्या आजही माझा मित्र आहे, आणि त्या दिवशी शेवटी मी जे वाक्य बोललो ते तोही कधी म्हणून दाखवत नाही. एरवी माझी कुठलीही फजिती सोडणाऱ्यातला तो नव्हे. गळ मी त्याच आठवड्यात गोपीशेठना परत नेऊन दिले. त्यांनी कारण विचारलं नाही, बदल्यात बटणं दिली.

तर, शेवटचं नाव झालं. पोशाबाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि अखेर मागे वळले. माणूस कसा दिसतो ते बघायला आल्यासारखे चालत माझ्यापाशी आले. बलरामकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते, त्यांचा चिखलाने माखलेला हात माझ्या खांद्यावर होता. सारा गाव गोल करून उभा. "दाखव," पोशाबाबा म्हणाले, "बगू तरी काय हिरा हाय." मी मूठ उघडली. मासा केव्हाच मेला होता, पण केशरी पट्टा तसाच झळकत होता. बाबांनी तो दोन बोटांत धरला, उन्हात फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. "आरं पोरा, ये तर मरलीचा पिल्लू. लहानपनी असाच पट्टा असतो यांना. मोठी झाली का काली परते. तू ठेवलीस ना, तिचाच पोर आसल."

त्या क्षणी माणसाने काय काय म्हणावं? बाबा, तुमचे उपकार, असं म्हणता आलं असतं. काका, माझ्यामुळे तुमचं घर पणाला लागलं, असं म्हणता आलं असतं. खाली वाकून पायाला हात लावला असता तर बोलायचीही गरज नव्हती. भाषेत एवढे शब्द आहेत, मी मराठीचा पेपर नेहमी चांगला लिहायचो. खांद्यावर तो जड, ओला हात होता, समोर नव्या पातळातली हिराकाकी भरलेली टोपली धरून उभी होती, सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्या तोंडातून, खणखणीत आवाजात, कुणीतरी मला फसवल्यासारख्या सुरात, बाहेर पडलं:

"पण मरळ तर माझी झालीय."